सात उतरवले, सहा चढवले

दत्ताकाका नाटेकरांना आवाज कानापेक्षा बोटाला आधी कळायचा. उभा जन्म ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी बसून गेलेला. उजवा कान जवळजवळ संपलेला आणि डावा आपल्या मर्जीचा मालक. त्यामुळे स्पीकर वाजतो की नाही हे बघायचं झालं की ते डोळे मिटायचे, उजव्या हाताची तर्जनी स्पीकरच्या जाळीवर टेकवायचे आणि वैद्याने नाडी बघावी तसे थांबायचे. मग "चाललाय" म्हणायचे, किंवा "नाय". माझ्यासमोर त्यांनी असा निकाल एकोणीस वेळा दिला आणि एकोणीसही वेळा तो बरोबर निघाला. मी मोजत होतो. माझी नोकरी पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवण्याची आहे, त्यामुळे मोजायची सवय आहे. अशा बहिऱ्या माणसाने आमच्या आळीतले सगळे बिघडलेले आवाज दुरुस्त करावेत, यात आमच्याकडे कोणालाच काही नवल वाटत नसे.

आमची आळी बंदराच्या वरच्या चढावर आहे. वर आम्हा नोकरदारांची घरं, खाली मासळीवाल्यांची, आणि मधल्या वळणावर, चिऱ्यांच्या बावीस पायऱ्या उतरून गेलं की काकांचं. जन्म मासे धरणाऱ्यांच्या घरातला, पण स्वतः त्यांनी मासे फारसे धरले नाहीत. होड्यांवरची यंत्रं ते दुरुस्त करायचे. वायरलेस, आणि पाण्याखाली मासळीचा थवा कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. "पडद्यावर दिसत नाय म्हणजे समुद्रात नाय, असं नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. हरवलेल्या चष्म्यापासून रखडलेल्या लग्नापर्यंत कशालाही ते हे वाक्य लावायचे.

बारीक तारांना नजर पुरेना तेव्हा त्यांनी काम सोडलं. त्याच सुमाराला जावयाने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांच्या घरी आला. त्यावर दुसरं काही चालेना म्हणून कोणीतरी लिनक्स घालून दिलं, आणि काका त्या लिनक्सच्या प्रेमात पडले. फुकट होतं म्हणून नव्हे. "ह्याला विचारलं तर हा उत्तर देतो," ते म्हणायचे. "बाकीची यंत्रं नुसती 'काहीतरी चुकलं' म्हणतात. अरे मेल्या, ते मला पण दिसतंय! काय चुकलं ते सांग ना!" इंग्रजी त्यांचं दहावीपर्यंतचं, आणि दहावी नापास. पण काळ्या पडद्यावर उतरणाऱ्या ओळी ते बोट ठेवून, एकेक अक्षर लावून, दहाव्या ओळीला पहिली विसरली तर पुन्हा पहिलीपासून वाचायचे. त्यांना घाई कधीच नसे.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझा कॉम्प्युटर मुका झाला तेव्हा. त्यातही लिनक्सच होतं, काकांनीच घातलेलं. मुलीच्या शिकवण्या त्यावर चालायच्या. एके दिवशी बाई पडद्यावर तोंड हलवताना दिसायला लागल्या आणि आवाज नाही. दुकानातला माणूस येऊन म्हणाला, "साउंड कार्ड गेलं. मदरबोर्ड बदलायला लागेल." तो गेल्यावर बायको म्हणाली, "आधी दत्ताकाकांना विचारा."

काका आले. कानावर पेन्सिल, काखेत लांबोडकी वही. यंत्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाट मागून घेतला, भिंतीला पाठ टेकली, चहा होऊ दिला आणि वहीचं नवं पान काढून मला म्हणाले, "तीन प्रश्न असतात, विनायक. पहिला, आहे का? दुसरा, ओळखतं का? तिसरा, गप्प कोणी बसवलंय?"

चहा संपल्यावर त्यांनी दोन बोटांनी एक लहानसा हुकूम टाइप केला. यंत्राने आपल्या पोटात काय काय आहे त्याची यादी पडद्यावर उतरवली. काका तिला हजेरी म्हणायचे. हजेरीत साउंड कार्ड होतं. म्हणजे दुकानदार चुकला होता. दुसऱ्या हुकुमाने कळलं की लिनक्सला त्याची ओळखही आहे, ड्रायव्हर जागेवर आहे. मग त्यांनी आवाजाचा मिक्सर उघडला. उभ्या पट्ट्या, आणि ज्या पट्टीखाली दोन इंग्रजी एम असतील तिच्या तोंडाला कुलूप. कुलूपही नव्हतं. काका खूश झाले. सोपं उत्तर निघालं की ते जरा हिरमुसायचे.

"बारा दिवसांत घरात नवीन काय आलं?" त्यांनी विचारलं.

"बाराच दिवस कसे?" मी म्हटलं.

"तुझ्या मुलीने सांगितलं, शिकवणी बारा दिवस मुकी हाय."

नवीन आला होता तो मॉनिटर. मीच निवडून, चार दुकानांत भाव काढून आणलेला. त्याची तार चित्र नेते तसा आवाजही नेते, आणि लिनक्सने आपणहून सगळा आवाज तिकडे वळवला होता. त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

"आवाज बारा दिवस येतोय," काका वहीत लिहीत म्हणाले. "ज्याला तोंड नाय त्याच्याकडे जातोय." मग माझ्याकडे बघून, "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, तू."

माझी बायको आत जाऊन हसली. आमच्याकडे आत हसलं तरी बाहेर ऐकू येतं. काकांना मात्र आलं नसावं. ते गंभीरपणे पुढचं वाक्य बोलत होते. "यंत्र आपणहून गप्प बसत नाय, विनायक. घरातलंच कोणीतरी बसवतं."

त्यांचा दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच. एक गोष्ट बदलायची, बघायची, लिहायची, मग दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला ते "वादळात दोन्ही नांगर सोडणारा" म्हणायचे. याचा नेमका अर्थ मला कधी कळला नाही, पण शिवी आहे एवढं कळायचं.

काकांना हे सगळं शिकावं लागलं ते शालनकाकूंमुळे. काकू बुरोंडीच्या. ऐन उमेदीत त्यांनी इथल्या बाजारात मासे विकले, आणि त्यांच्या पाटीपुढे रांग का लागते ते नवख्या गिऱ्हाइकाला कळायचं नाही. मासळी ताजी असायची हे खरं, पण रांग लागायची कारण काकू पुडी बांधायला आणलेली रद्दी आधी वाचायच्या आणि मग त्यात मासे बांधायच्या. "थांबा जरा, ह्या बाईचा खटला कुठवर आलाय बघू दे," असं म्हणून त्या गिऱ्हाइकाला उभं करायच्या. अर्धवट राहिलेली बातमी मासे घेऊन गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाला विचारायच्या, "काल बांगड्यांच्या कागदावर पुढं काय होतं हो?"

काचबिंदूने ही नजर गेली. डॉक्टरांनी गेलेली परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. काकू रडल्या नाहीत, पण दुपारच्या रिकाम्या वेळी नुसत्या बसून राहायला लागल्या. माझी बायको म्हणाली, मी वाचून दाखवीन. काकूंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू गुणी हायस गो. पण दुसऱ्याच्या तोंडून वाचायचं म्हणजे दुसऱ्याच्या सवडीने वाचायचं. मला माझ्या सवडीने वाचायचंय."

काकांनी स्वतः वाचून बघितलं. ते वायरलेसवर बोलल्यासारखं वाचायचे, प्रत्येक वाक्यानंतर पलीकडून उत्तर येईल म्हणून थांबायचे, आणि तिसऱ्या पानावर झोपायचे. मग त्यांना कुठूनतरी कळलं की लिनक्स लिहिलेलं मोठ्याने वाचतं, मराठीसुद्धा. दीड महिना खटपट करून त्यांनी ते बसवलं. कीबोर्डवरच्या तीन कळांवर डिंकाचा एकेक थेंब वाळवला. चालू, थांब, मागे. काकू त्या बोटाने ओळखायच्या.

यंत्राचा आवाज पुरुषाचा, सपाट, जोडाक्षराला ठेच लागणारा. काकू त्याला पाहुणा म्हणायच्या. "पाहुण्याला आज सर्दी झाल्ये वाटतं." "अहो पाहुणे, मेलेल्या माणसाची बातमी अशी बाजारभावासारखी काय सांगता?" सकाळी पाहुणा इंटरनेटवरचं वर्तमानपत्र वाचायचा, त्यातही आधी निधनवार्ता. दुपारी कादंबरी.

कादंबरी आपोआप येत नसे. वाचनालयातून आणलेलं पुस्तक काका रोज दोन बोटांनी टाइप करायचे, दिवसाला चार पानं. यात एक अडचण होती. काकांना चुकीची माहिती टाइप करवत नसे. एका जाडजूड कादंबरीतला नायक आषाढात होडी घेऊन समुद्रावर जातो आणि परत येऊन लग्न करतो. काकांनी पान वाचलं आणि हात मागे घेतले. आषाढात? मासेमारीच्या बंदीत? होड्या वर ओढलेल्या असताना? त्यांनी नायकाला नारळी पौर्णिमेपर्यंत घरी बसवलं आणि भाद्रपदात परत आणून त्याचं लग्न लावलं. पुढच्या भागात नायिकेला चैत्रात मुलगा झाला. ते काकांनी बदललं नाही, त्यात त्यांना काही चूक दिसली नाही.

काकूंनी बोटांवर महिने मोजले. मग मला बोलावून माझ्याकडून मोजून घेतले. भाद्रपद ते चैत्र, सात.

"सातव्या महिन्यात, आणि पोर गुटगुटीत," काकू म्हणाल्या. "ह्या लेखकाला काहीतरी सांगायचंय, विनायका. नायकाचा तो मामेभाऊ मला पहिल्यापासून बरा वाटला नव्हता."

तीन आठवडे त्या त्या निरपराध मामेभावावर डोळा ठेवून होत्या. शेवटी मी पुस्तक मागून मूळ पान बघितलं आणि काकांना विचारलं. ते म्हणाले, "मग काय त्याला बुडू देऊ काय?"

पावसाळ्यात काकू तीन महिने मंडणगडला लेकीकडे जायच्या. त्या बावीस पायऱ्यांवर शेवाळ धरतं. डोळस माणूसही बसत बसत उतरतो. मागल्या वर्षीच्या आधीच्या वर्षीही त्या मे संपता संपता गेल्या. निम्मी झालेली एक नवी कादंबरी मागे ठेवून गेल्या. नायिकेच्या हातात एक पत्र आलेलं, आणि पाकीट फोडायच्या आत पान संपलेलं.

त्या गेल्यावर काकांनी दरवर्षीप्रमाणे कॉम्प्युटर उतरवला. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. बंदी लागली की होडी वर ओढतात, जाळी माळ्यावर जातात, यंत्रं उतरवून घरात कोरडी ठेवतात. इंजिन तेवढं आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवून गरम करतात. काकांनी आयुष्यभर हेच केलेलं. कॉम्प्युटर होडीवर नाही, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आहे, एवढ्या कारणाने त्याला बंदीतून सूट द्यावी असं त्यांना वाटत नसे. एकतीस मेला ते वहीत यादी करायचे, एकेक भाग काढून, पुसून, प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवायचे आणि दर रविवारी नुसती पेटी दहा मिनिटं गरम करायचे, वर बोट ठेवून. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून आले की दुसरा नारळ कॉम्प्युटरपुढे फोडायचे आणि सगळं पुन्हा चढवायचे. कीबोर्डवर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचे. पुढचे आठ दिवस मुंग्या निघायच्या.

काकू परत आल्या. हात धुतले, देवाला नमस्कार केला, यंत्रापुढे बसल्या आणि डिंकाचा पहिला थेंब दाबला. पाहुणा बोलला नाही.

काकांनी हजेरी घेतली. यादीत सगळं होतं. साउंड कार्ड नव्हतं. नादुरुस्त, मुकं, अनोळखी असं काही नाही. मुळात नाहीच. लिनक्सचं म्हणणं, ह्या घरात असं कोणी राहत नाही.

"आहे का, इथंच अडलं," काका मला म्हणाले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "आजवर दुसऱ्या नायतर तिसऱ्या प्रश्नावर अडायचं."

संशय होता नव्या बदलांवर. अडीच महिन्यांनी इंटरनेट जोडल्याबरोबर दोनशेचौदा सुधारणा उतरल्या होत्या. काकांनी त्या आल्याबरोबर घेतल्या होत्या. एका वेळी एकच म्हणणाऱ्याने एका वेळी दोनशेचौदा. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी डावा कान बंद ठेवला. अक्षर चांगलं म्हणून वहीचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी पाचला, ऑफिस सुटल्यावर, ते प्रयोग करायचे आणि मी नोंद करायची. जुनं कर्नल, म्हणजे लिनक्सचा आधीचा गाभा, लावून बघितलं. नाही. दुसरीकडून आणलेल्या पेनड्राइव्हवरच्या ताज्या लिनक्सवर यंत्र चालू करून बघितलं. त्यालाही कार्ड दिसलं नाही. म्हणजे दोष सुधारणांचा नव्हता.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "काका, यंत्र चालू होताना तो निळा पडदा येतो ना, मूळ मांडणीचा, तिथे बघितलंत का?"

"तिथं मी हात लावत नाय," ते म्हणाले. "तिथं हात लावतो तोच बिघडवतो."

मी ते वाक्यही लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी मी म्हटलं, बाजारात यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं, मी येताना घेऊन येतो. काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी बायको बदला म्हटलं. "असलेलं का दिसत नाय ते कळल्याशिवाय दुसरं आणायचं नाय."

त्यावर आतून काकू म्हणाल्या, "तुमचं कळणं होईस्तो मी काय करू?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मंडणगडला लेक रात्री दहा पानं वाचत होती. तिच्या सवडीने का होईना, वाचत होती. विनायका, लिही तुझ्या वहीत. गौरी येईस्तो पाहुणा बोलला नाय, तर गौरीबरोबर मी पण निघाले. मंडणगडला. पावसाळ्यापुरती नाय."

गौरी यायला सहा दिवस होते. त्या रात्री काकांनी पुढ्यातल्या बांगड्याचे काटे काढले, सगळे, नीट एका कडेला लावले, आणि बांगडा मांजराला घातला. हे मला काकूंनी सांगितलं. त्यांना दिसत नव्हतं, पण ताट घासताना काटे हाताला लागले होते, आणि मांजर कधी जेवतं ते ऐकू येत होतं.

काकांनी निदान केलं की पावसाळी दमटपणाने मदरबोर्डच्या पोटात पाणी धरलं आहे. सातव्या दिवशी सकाळी काकू भातासाठी तांदूळ घ्यायला गेल्या. डब्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं. चौकोनी, टोकं टोकं असलेलं, भलंमोठं.

"अहो मेकॅनिक!" ही हाक आमच्या घरापर्यंत आली. रागावल्या की त्या नवऱ्याला मेकॅनिक म्हणत. "तांदळात काय पेरलंत?"

"मदरबोर्ड हाय तो! हलवू नको! तांदूळ पाणी ओढतो!"

"आणि आम्ही काय खायचं? तारा?"

बोर्ड बाहेर आला, झटकला, चढवला. खाचांतून आठ तांदूळ निघाले. हजेरीत कार्ड नव्हतंच.

नवव्या दिवशी मी वही घरी घेऊन गेलो. किती प्रयोग झाले याची बेरीज करावी, एवढाच हेतू. त्रेचाळीस झाले होते. पहिल्यापासून मोजावेत म्हणून मागे गेलो, तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. वास घेतला. नारळाचं पाणी. पात्याने अलगद सोडवली. आत एकतीस मेची यादी होती, काकांच्या अक्षरात. "उतरवले: ७." खाली सात ओळी. शेजारी नारळी पौर्णिमेला चढवल्याच्या खुणा, खालून वर, कारण शेवटी उतरवलेलं आधी चढवायचं हा होडीचा नियम. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन. पहिल्या ओळीला खूण नव्हती. तिच्या जागी समासात लिहिलं होतं, "सुधारणा २१४ आल्या. घेतो."

पहिली ओळ होती: "आवाज. निळ्या पडद्यात मुळातून बंद. रविवारी गरम करताना उगाच काम नको."

मी ती ओळ चार वेळा वाचली. मग सात उणे सहा केले, तेही एकदाच नव्हे.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. एकांतात, हळूच सांगावं असं ठरवून मी पायऱ्या उतरलो. काका ओट्यावर होते. मी जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हटलं, "काका, सात उतरवले होते, सहाच चढवलेत."

"काय?"

"सात उतरवले. सहा चढवले."

"मोठ्याने बोल. पोटात काय बोलतोस?"

तिसऱ्या वेळी मी ओरडलो. खालच्या घरातल्या दोन बायका बाहेर आल्या. वरून माझी बायको खिडकीत आली. आत काकूंची पळी थांबली. काकांनी वही घेतली, चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर लावून वाचलं. स्वतःचंच अक्षर, तरी लावून वाचलं.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आहे का? आहे. ओळखतं का? ओळखेल." तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

आम्ही आत गेलो. यंत्र चालू होताना त्यांनी कळ दाबून धरली, निळा पडदा आला, त्यात चार पायऱ्या खाली उतरून त्यांनी एक शब्द बदलला आणि साठवला. यंत्र पुन्हा सुरू झालं. हजेरी न घेता त्यांनी सरळ स्पीकरवर बोट टेकवलं आणि डोळे मिटले. काकू शेजारी येऊन बसल्या. हात पदराला पुसला, चाचपत डिंकाचा थेंब शोधला.

"चाललाय," काका म्हणाले, आणि त्याच क्षणी पाहुणा बोलला. तीन महिने आणि नऊ दिवस जिथे थांबला होता तिथून. नायिकेने पाकीट फोडलं.

काकूंनी दुसरा थेंब दाबला. पाहुणा थांबला.

"थांबा. आधी मला सांगा, ह्याला गप्प कोणी बसवलं होतं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो. प्रश्न ऐकू आला नाही असं काकांना म्हणता आलं असतं. आम्ही सर्वांनी ते मानलंही असतं.

"मी," काका म्हणाले.

काकूंनी थेंबावरचा हात काढला. "चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, आणि मग हसायला लागल्या, इतक्या की डोळे पुसायला लागले. "विनायका, हे पण लिही रे. पान नंबर घाल." मग त्यांनी पुन्हा पहिला थेंब दाबला आणि आम्हाला दोघांना हाताने जायची खूण केली. त्यांना पत्र वाचायचं होतं.

त्या वर्षी गौरी आल्या तशा गेल्या, आणि काकू कुठेही गेल्या नाहीत.

गेल्या मे महिन्यात मात्र दोघंही मंडणगडला लेकीकडे राहायला गेली, कायमची. काकांचे गुडघे पायऱ्या चढू देईनात. सकाळी टेम्पो वळणावर लागला. मी सामान चढवायला गेलो तर काकांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. तो त्यांनी स्वतः बांधला होता, गोधडीत, पेटीच्या वर एक कागद चिकटवून. सवयीने मी वाचला. "उतरवले: ८." मी पुन्हा मोजलं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, स्पीकर, बॅटरीचा डबा, इंटरनेटची वायर. सहा. सातव्या ओळीत "आवाज", आणि पुढे "बंद केलेला नाय." आठव्या ओळीत "शालन." सात ओळींपुढे टेम्पोत चढवल्याच्या खुणा होत्या. आठवी कोरी.

काका पेटीला टेकले, गुडघे धरून पुन्हा पायऱ्यांकडे गेले. अर्ध्या पायऱ्यांवर काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांचा हात धरून ते एकेक पायरी वर आले. दोघांपैकी कोण कोणाला धरतंय ते वरून सांगता येत नव्हतं.

"हळू, मेकॅनिक," काकू म्हणत होत्या. "घाई काय?"

त्यांना पुढच्या सीटवर बसवून काका मागे आले, गोधडीपाशी वाकले, कानावरची पेन्सिल काढली आणि आठव्या ओळीपुढे खूण केली. मग कागदावर बोट ठेवून सगळ्या खुणा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा मोजल्या.